घटक ४ : व्यक्तींवरील आर्थिक निर्बंध – कायदा, राजकारण आणि भाषा

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस :
• ‘निर्बंध’, ‘गोठवणे’, ‘जप्ती’ आणि ‘शिक्षा’ या संज्ञांमधील भेद स्पष्ट करता येईल.
• संपूर्ण देशावरील निर्बंधांकडून विशिष्ट व्यक्तींवरील निर्बंधांकडे वाटचाल का झाली, हे सांगता येईल.
• कादी खटल्याच्या आधारे, यादीत नाव आलेल्या व्यक्तीच्या हक्कांचा प्रश्न मांडता येईल.
• यादीत नाव येण्यामागील आणि न येण्यामागील राजकारणाचे विवेचन करता येईल.
• कायद्याच्या मजकुरातील शब्दयोजना व वाक्यरचना यांचे विश्लेषण करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण शासकीय पत्रव्यवहाराच्या भाषेचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात कायद्याच्या भाषेचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी एक असे क्षेत्र निवडले आहे, की जेथे एखाद्या शब्दाची निवड माणसाच्या हक्कांवर प्रत्यक्ष परिणाम करते.

आपल्यापैकी जे बँकेत नोकरी करतात, त्यांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असेल. नवे खाते उघडताना अर्जदाराचे नाव काही याद्यांशी ताडून पाहावे लागते. त्यांपैकी एक यादी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची समिती ठेवते. त्या यादीत ज्याचे नाव आहे, त्याला जगातील कोणत्याही सदस्य राष्ट्रात बँकेचे व्यवहार करता येत नाहीत, परवानगीवाचून परदेशप्रवास करता येत नाही आणि शस्त्रे मिळवता येत नाहीत. मात्र त्याला ‘शिक्षा’ झाली आहे, असे कायदा म्हणत नाही. त्याच्याबाबत ‘प्रतिबंधक उपाय’ योजला आहे, असे म्हणतो.

वरवर पाहता हा केवळ शब्दांचा फरक वाटेल. परंतु शिक्षा करावयाची तर आधी आरोप सांगावा लागतो, पुरावा दाखवावा लागतो आणि बचावाची संधी द्यावी लागते. ‘उपाय’ योजताना यांपैकी काहीही आवश्यक मानले गेले नव्हते. म्हणजे एखाद्या कृतीला कोणते नाव दिले जाते, यावर त्या माणसाला मिळणारे संरक्षण अवलंबून राहिले. दिलेले नाव आणि प्रत्यक्ष परिणाम यांतील हे अंतर न्यायालयांनी कसे ओळखले, हा या घटकाचा मध्यवर्ती विषय आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ संज्ञांचा विचार

इंग्रजीतील ‘सँक्शन’ हा शब्द मराठी माणसाला दोन ठिकाणी भेटतो. ‘कर्ज सँक्शन झाले’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘मंजूर झाले’ असा असतो. वर्तमानपत्रात ‘अमुक देशावर सँक्शन्स’ असे वाचतो, तेव्हा अर्थ नेमका उलट, म्हणजे ‘निर्बंध’ असा होतो. या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत असून विधिपूर्वक ठरवणे, पवित्र किंवा बंधनकारक करणे असा त्याचा आशय आहे. जे विधिपूर्वक ठरले त्याला मान्यता मिळते आणि ते मोडणाऱ्याला दंड होतो. एकाच मुळातून परस्परविरुद्ध अर्थ कसे निघाले, हे यावरून ध्यानात येईल.

मराठीने या दोन अर्थांसाठी ‘मंजुरी’ आणि ‘निर्बंध’ असे स्वतंत्र शब्द योजल्यामुळे आपल्याकडे संदिग्धता उरत नाही. मात्र एक बाब लक्षात ठेवावी. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील ज्या ४१व्या कलमाच्या आधारे हे निर्बंध लादले जातात, त्या कलमात ‘सँक्शन’ हा शब्दच नाही. सशस्त्र बळाचा वापर न करता योजावयाचे ‘उपाय’ एवढेच तेथे म्हटले आहे.

‘गोठवणे’ आणि ‘जप्त करणे’ यांतही भेद आहे. जप्तीत मालकी जाते किंवा जाण्याच्या मार्गावर असते. गोठवण्यात मालकी कायम राहते, उपभोग थांबतो. पैसे खातेदाराचेच असतात, परंतु त्याला ते काढता येत नाहीत. द्रव पदार्थ गोठतो तेव्हा नष्ट होत नाही, केवळ वाहणे थांबते. ‘गोठवणे’ या रूपकात तात्पुरतेपणाची कल्पना अंतर्भूत आहे. हे तात्पुरतेपण दहा-अकरा वर्षे टिकले तर काय, या प्रश्नाकडे आपण पुढे येणारच आहोत.

मराठी वाचकाला येथे ‘वाळीत टाकणे’ हा शब्दप्रयोग आठवणे स्वाभाविक आहे. वाळीत टाकलेल्याशी कोणी देवघेव करायची नाही, हे साम्य खरे आहे. परंतु वाळीत टाकणे हा समाजाचा अन्याय्य दबाव असतो आणि महाराष्ट्रात २०१६च्या अधिनियमाने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवला आहे. आर्थिक निर्बंध मात्र कायद्यानेच घातलेले असतात आणि त्यामागे हिंसाचार रोखण्याचा हेतू असतो. म्हणून हे साम्य मर्यादेतच घ्यावे.

४.२.२ राष्ट्राकडून व्यक्तीकडे

इराकने कुवेतवर आक्रमण केल्यानंतर ६ ऑगस्ट १९९० रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ६६१ संमत करून इराकवर जवळजवळ संपूर्ण व्यापारबंदी लादली. तिचे चटके सत्ताधाऱ्यांपेक्षा सामान्य जनतेला अधिक बसले. औषधे, अन्न आणि पाणी शुद्ध करण्याची साधने यांच्या टंचाईची वर्णने जगभर पोहोचली. १९९५ साली तेलाच्या बदल्यात अन्नधान्य घेण्याची योजना मान्य करावी लागली.

या अनुभवातून एक विचार पुढे आला. दोष मूठभरांचा असेल, तर भार लक्षावधी निरपराध्यांवर का टाकावा? नेमक्या माणसांची नावे घ्यावीत आणि त्यांचाच पैसा रोखावा. यालाच ‘लक्ष्यित निर्बंध’ म्हणतात. हा विचार मूलतः मानवतेचा होता, हे विसरू नये.

१५ ऑक्टोबर १९९९ रोजी ठराव क्रमांक १२६७ संमत झाला. अफगाणिस्तानातील तालिबान राजवटीने ओसामा बिन लादेन याला स्वाधीन करावे, या मागणीसाठी तालिबानचा पैसा गोठवण्याचा आदेश त्यात होता. डिसेंबर २०००मधील ठराव क्रमांक १३३३ने बिन लादेन आणि त्याच्याशी ‘संबंधित’ व्यक्तींपर्यंत ही कक्षा वाढवली. जानेवारी २००२मधील ठराव क्रमांक १३९०ने तिला अफगाणिस्तानशी जोडणारे भौगोलिक बंधन काढून टाकले. आता यादीतील माणूस जगात कोठेही असू शकत होता.

मात्र देशाकडून व्यक्तीकडे येताना एक नवी अडचण निर्माण झाली. देश आपली बाजू मांडू शकतो. त्याचे राजदूत असतात, संयुक्त राष्ट्रांत त्याला आसन असते. एकट्या माणसाला ते नसते. त्याच्यासाठी बोलण्याची जागा ती न्यायालयात, आणि यादी तयार करणारी समिती न्यायालय नव्हती.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
अ) योग्य पर्याय निवडा. मालमत्ता गोठवली असता (मालकी संपते / उपभोग थांबतो / दंड वसूल होतो).
आ) एका वाक्यात उत्तर लिहा. इराकवरील व्यापारबंदीच्या अनुभवातून कोणती संकल्पना पुढे आली?

४.२.३ यादीतील नोंदीची भाषा

यादीतील नोंद कशी असते, ते आता पाहू. युरोपीय समुदायाने ऑक्टोबर २००१मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत सौदी अरेबियातील एका उद्योजकाची नोंद होती. आडनाव ‘अल-कादी’, नाव ‘यासिन’. ‘कादी, शेख यासिन अब्दुल्ला’ आणि ‘काहदी, यासिन’ ही पर्यायी नावे. आणि शेवटी ‘जेद्दा, सौदी अरेबिया’. नोंद एवढीच. या माणसाने काय केले, केव्हा केले, कोणाच्या सांगण्यावरून त्याचे नाव आले, यांविषयी त्या ओळीत एक शब्दही नव्हता.

भाषेच्या अभ्यासकाने या नोंदीतील तीन गोष्टी टिपाव्यात.

पहिली गोष्ट नावाची. एकाच अरबी नावाची रोमन लिपीत तीन रूपे झाली आहेत. अरबीतील काही ध्वनींना रोमन लिपीत निश्चित चिन्ह नसल्याने असे घडते. ‘अल-कादी’ याचा अर्थ ‘न्यायाधीश’. हाच शब्द फारसीच्या वाटेने मराठीत ‘काझी’ म्हणून आला आणि आपल्याकडील आडनावांतही रुळला. म्हणजे यादीतील नाव हे बोटाच्या ठशासारखे एकमेव नसते. ते अनेकांचे असू शकते आणि अनेक प्रकारे लिहिले जाऊ शकते. ही अडचण ओळखून सुरक्षा परिषदेच्या यादीत पर्यायी नावांचे ‘चांगल्या दर्जाची’ आणि ‘कमी दर्जाची’ असे दोन वर्ग केलेले आढळतात. ज्या नावावरून ओळख पटवणे शक्य आहे ते पहिल्या वर्गात. ज्यावरून चुकीचा माणूस अडकण्याचा संभव आहे ते दुसऱ्या वर्गात.

दुसरी गोष्ट कर्त्याची. अशा नोंदींचे आपण मराठीत रूपांतर करतो तेव्हा ‘नाव यादीत समाविष्ट करण्यात आले आहे’ असे लिहितो. ‘करण्यात आले’ ही रचना शासकीय मराठीत सर्वत्र आढळते. ती व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे आणि अनेकदा सोयीचीही असते. परंतु तीत कर्ता लुप्त होतो. कोणी केले, हा प्रश्न वाचकाच्या मनात उठण्याआधीच वाक्य संपते. येथे तर कर्ता प्रत्यक्षातही गुप्त होता, कारण कोणत्या देशाने नाव सुचवले हे त्या व्यक्तीला कळवले जात नसे.

तिसरी गोष्ट ‘संबंधित’ या शब्दाची. ‘अल्-कायदाशी संबंधित’ म्हणजे नेमके काय? पैसा देणारा, आश्रय देणारा, नातेवाईक, की एकेकाळचा परिचित? या शब्दाचा अर्थ सुरक्षा परिषदेने जुलै २००५मधील ठराव क्रमांक १६१७मध्ये स्पष्ट केला. आर्थिक साहाय्य, कटात सहभाग, शस्त्रपुरवठा, भरती किंवा अन्य प्रकारे कृत्यांना पाठबळ देणे, असे त्याचे स्वरूप सांगितले. कादी यांचे नाव यादीत आले तेव्हा ही व्याख्या अस्तित्वात नव्हती.

४.२.४ कादी खटला

यासिन अब्दुल्ला कादी यांचे नाव सुरक्षा परिषदेच्या समितीने १७ ऑक्टोबर २००१ रोजी यादीत घातले. अमेरिकेवरील ११ सप्टेंबरच्या हल्ल्यास तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते. युरोपातील त्यांची मालमत्ता गोठवली गेली. आरोप आपणांस अमान्य असल्याचे सांगून त्यांनी युरोपीय न्यायालयात दाद मागितली. मला कारण सांगितले नाही, माझे म्हणणे ऐकले नाही, आणि माझ्या मालमत्तेचा उपभोग काढून घेतला, हा त्यांच्या अर्जाचा गाभा होता.

२१ सप्टेंबर २००५ रोजी प्रथम स्तरावरील न्यायालयाने अर्ज फेटाळला. सनदेच्या १०३व्या कलमानुसार संयुक्त राष्ट्रांप्रती असलेली बंधने इतर करारांहून श्रेष्ठ आहेत. त्यामुळे सुरक्षा परिषदेच्या निर्णयाची अप्रत्यक्षपणेही तपासणी करता येणार नाही, अपवाद फक्त कोणत्याही परिस्थितीत न मोडता येणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमांचा, अशी भूमिका त्या न्यायालयाने घेतली.

३ सप्टेंबर २००८ रोजी युरोपीय न्यायालयाने हा निकाल फिरवला. या न्यायालयाचा युक्तिवाद काळजीपूर्वक समजून घ्यावा. सुरक्षा परिषदेचा ठराव आम्ही तपासत नाही, असे त्याने सांगितले. परंतु तो ठराव अमलात आणण्यासाठी युरोपने जो स्वतःचा नियम केला, तो मूलभूत हक्कांच्या कसोटीवर उतरलाच पाहिजे. नाव यादीत घालण्यापूर्वी पूर्वसूचना देणे शक्य नाही, हे न्यायालयाने मान्य केले. सूचना मिळताच खाते रिकामे होईल आणि उपायाचा उद्देशच विफल होईल. मात्र नाव घातल्यानंतर शक्य तितक्या लवकर कारणे कळवायला हवीत, कारण कारणे ठाऊक नसतील तर माणूस उत्तर कशाला देणार आणि न्यायालय तपासणार तरी काय? कादी यांच्यापुरता तो नियम रद्द झाला. दोष दूर करण्यासाठी तीन महिन्यांचा अवधी देण्यात आला.

त्या अवधीत कारणांचा एक संक्षिप्त गोषवारा कादी यांना देण्यात आला आणि नोव्हेंबर २००८मध्ये त्यांचे नाव पुन्हा यादीत आले. खटलाही पुन्हा उभा राहिला. ३० सप्टेंबर २०१० रोजीच्या निकालात न्यायालयाने एक मूलभूत शंका उपस्थित केली. एखाद्याची सर्व मालमत्ता जवळजवळ दहा वर्षे गोठलेली असेल, तर माणसाच्या आयुष्याच्या मानाने हा काळ लहान नव्हे; अशा उपायाला अजूनही ‘प्रतिबंधक’ म्हणावे की ती ‘शिक्षा’ झाली आहे, हा प्रश्न आता खुला आहे, असा त्या शंकेचा आशय होता. आपण आरंभी पाहिलेले नाव आणि परिणाम यांतील अंतर येथे न्यायालयानेच नोंदवले.

१८ जुलै २०१३ रोजी अंतिम निकाल लागला. काही कारणे पुरेशी तपशीलवार आहेत, परंतु ती नाकारली गेल्यावर त्यांच्या पुष्ट्यर्थ कोणतीही माहिती वा पुरावा न्यायालयासमोर आलेला नाही, असा निष्कर्ष निघाला. येथे एक दक्षता घ्यावी. न्यायालयाने दोषी-निर्दोषीपणाचा निवाडा केला नाही. ते फौजदारी न्यायालय नव्हतेच. पुराव्यावाचून निर्बंध टिकणार नाही, एवढेच त्याने ठरवले.

दरम्यान सुरक्षा परिषदेनेही आपल्या पद्धतीत बदल केले. डिसेंबर २००२मध्ये अन्न, घरभाडे, औषधे यांसारख्या मूलभूत खर्चासाठी सूट देण्यात आली. २००६मध्ये नाव वगळण्याचे अर्ज स्वीकारणारे केंद्र स्थापन झाले. २००८पासून प्रत्येक नोंदीमागील कारणांचा गोषवारा प्रसिद्ध करण्याचे ठरले. डिसेंबर २००९मधील ठराव क्रमांक १९०४ने लोकपालाचे पद निर्माण केले आणि किंबर्ली प्रोस्ट या त्या पदावरील पहिल्या अधिकारी झाल्या. (आपल्याकडे ‘लोकपाल’ म्हटल्यावर भ्रष्टाचारविरोधी यंत्रणा आठवते, येथे मात्र तक्रारीची स्वतंत्रपणे चौकशी करणारा अधिकारी असा अर्थ आहे.) २०११पासून लोकपालाने नाव वगळण्याची शिफारस केली, तर समितीने ६० दिवसांत एकमताने ती नाकारल्यावाचून किंवा विषय सुरक्षा परिषदेकडे गेल्यावाचून नाव आपोआप वगळले जाते. पूर्वी नाव ठेवण्यासाठी एकाचा आक्षेप पुरत असे; आता ते ठेवण्यासाठी सर्वांचे एकमत किंवा परिषदेचा निर्णय लागतो. याच मार्गाने ५ ऑक्टोबर २०१२ रोजी, अकरा वर्षांनी, कादी यांचे नाव संयुक्त राष्ट्रांच्या यादीतून निघाले. लोकपालाची ही सोय मात्र आयसिल व अल्-कायदाविषयक यादीपुरतीच आहे. अन्य याद्यांतील व्यक्तींना ती उपलब्ध नाही.

४.२.५ ‘लाभासाठी’ या पदाचा अर्थ

कायद्यातील एका पदाचा अर्थ घरातील स्वयंपाकापर्यंत कसा पोहोचतो, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये आढळते. यादीतील व्यक्तीला किंवा तिच्या ‘लाभासाठी’ प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे पैसा उपलब्ध करून देऊ नये, असा युरोपीय नियम होता. ब्रिटनमधील यादीत असलेल्या काही पुरुषांच्या पत्नींना शासनाकडून सामाजिक साहाय्य मिळत असे. त्या पैशातून पत्नी किराणा आणणार, स्वयंपाक करणार आणि तो पतीही जेवणार. म्हणजे पैसा अप्रत्यक्षपणे पतीच्या लाभासाठी झाला, असा अर्थ ब्रिटिश अर्थखात्याने लावला. परिणामी त्या स्त्रियांवर अटी आल्या. खर्चाचा तपशील दरमहा पावत्यांसह सादर करावा लागे. त्यांची स्वतःची नावे कोणत्याही यादीत नव्हती.

२९ एप्रिल २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने या पदाचा अर्थ ठरवला. प्रथम त्याने नियमाचे निरनिराळ्या भाषांतील पाठ ताडून पाहिले. इंग्रजी पाठात लाभासाठी ‘उपलब्ध करून देऊ नये’ असा, तर फ्रेंच पाठात लाभासाठी ‘वापरू नये’ असा आशय होता. सर्व पाठ सारखेच अधिकृत असल्याने शब्दांवरून निर्णय होईना. तेव्हा न्यायालय उद्देशाकडे वळले. दहशतवादी कृत्यांना पैसा पोहोचू नये, हा नियमाचा उद्देश. आणि किमान गरजेपुरत्या साहाय्यातून झालेले कुटुंबाचे जेवण हे त्या कृत्यांचे साधन कसे होणार? म्हणून असे साहाय्य नियमाच्या कक्षेत येत नाही, असा निकाल लागला.

प्रवासबंदीचेही असेच एक उदाहरण आहे. युसेफ नादा हे वृद्ध गृहस्थ इटलीच्या काम्पिओने या गावी राहत. हे गाव चारही बाजूंनी स्वित्झर्लंडने वेढलेले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १.६ चौरस किलोमीटर आहे. स्वित्झर्लंडने प्रवेश नाकारल्यावर त्यांना त्या गावाबाहेर पाऊल टाकणे अशक्य झाले. त्यांच्याविरुद्धची स्विस चौकशी २००५मध्ये बंद झाली, तरी बंदी चालूच राहिली. १२ सप्टेंबर २०१२ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या खासगी व कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचे ठरवले. कागदावर ती ‘प्रवासबंदी’ होती. परिणामाने ती स्थानबद्धतेच्या जवळ गेली होती.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
चूक की बरोबर ते लिहा.
अ) २००८च्या निकालात युरोपीय न्यायालयाने सुरक्षा परिषदेचा ठराव रद्द केला.
आ) नाव यादीत घालण्यापूर्वी पूर्वसूचना देणे आवश्यक आहे, असे न्यायालयाने म्हटले.
इ) ‘लाभासाठी’ या पदाचा अर्थ ठरवताना न्यायालयाने नियमाच्या उद्देशाचा आधार घेतला.

४.२.६ यादीचे राजकारण

आतापर्यंत आपण यादीत असलेल्या माणसाच्या बाजूने विचार केला. परंतु ज्यांची माणसे दहशतवादी हल्ल्यांत मारली गेली, त्यांच्या बाजूनेही ही यादी पाहणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील वाचकाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या मुंबईवरील हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. त्यानंतर दोन आठवड्यांतच, १० डिसेंबर २००८ रोजी, लष्कर-ए-तय्यबाचा संस्थापक हाफिज सईद याचे नाव यादीत आले. जैश-ए-महंमदचा प्रमुख मसूद अझहर याच्या बाबतीत मात्र वेगळे घडले. त्याची संघटना २००१पासून यादीत होती. त्याचे स्वतःचे नाव घालण्याचा प्रयत्न २००९, २०१६ आणि २०१७ साली झाला आणि प्रत्येक वेळी चीनने तो रोखला. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे हल्ला झाल्यावर फ्रान्स, ब्रिटन व अमेरिका यांनी पुन्हा प्रस्ताव आणला. मार्चमध्ये तोही अडला. अखेर १ मे २०१९ रोजी चीनने हरकत मागे घेतल्यावर नाव यादीत आले.

समितीत सुरक्षा परिषदेचे पंधराही सदस्य असतात आणि तिचे निर्णय एकमताने होतात. म्हणून कोणताही एक देश प्रस्ताव अडवू शकतो. या अडवण्याला ‘तांत्रिक स्थगिती’ असे म्हणतात. ‘तांत्रिक’ या विशेषणाने असा भास होतो, की एखाद्या कागदाची उणीव आहे, ती भरली की काम होईल. प्रत्यक्षात ती राजकीय भूमिका असू शकते. स्थगितीची कारणे जाहीर करण्याचे बंधन नसते. बोचऱ्या गोष्टीला सौम्य नाव देण्याच्या या प्रवृत्तीला भाषाविज्ञानात ‘सौम्योक्ती’ म्हणतात.

आता दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. कादी यांचे नाव हल्ल्यानंतर काही आठवड्यांत, कारण न सांगता यादीत गेले. मसूद अझहरचे नाव दहा वर्षे, पुरेसे कारण न सांगता यादीबाहेर राहिले. एकाला न्यायालयात जावे लागले. दुसऱ्या बाबतीत पीडितांना जाण्यासारखे न्यायालयच नव्हते. दोन्ही ठिकाणी उणीव एकच होती. निर्णयामागील कारण कोणालाही सांगण्याची गरज निर्णय घेणाऱ्यांना नव्हती. त्यामुळे कारणे मागणे म्हणजे दहशतवाद्यांची कड घेणे, असा जो समज आढळतो, तो तपासून घेतला पाहिजे. कारणे द्यावी लागली, तर निरपराध माणूस यादीत राहणे जसे अवघड होते, तसेच अपराध्याला यादीबाहेर ठेवणेही अवघड होते.

आणखी एक नोंद येथे करणे उचित ठरेल. २०१९मध्ये हाफिज सईद याला मूलभूत खर्चापुरती रक्कम खात्यातून काढू द्यावी, ही पाकिस्तानची विनंती समितीने मान्य केली. हे वाचून मुंबईकराला संताप येणे समजण्यासारखे आहे. तथापि २००२मधील सूट सर्वांसाठी आहे. ‘गोठवणे’ म्हणजे उपासमार नव्हे, हा नियम नावडत्या माणसालाही लागू होतो, तेव्हाच तो नियम राहतो.

४.२.७ भारतीय कायद्यातील तरतुदी

संयुक्त राष्ट्रे (सुरक्षा परिषद) अधिनियम, १९४७ अन्वये परिषदेचे निर्णय भारतात अमलात आणता येतात. याशिवाय बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, १९६७ यात मुंबईवरील हल्ल्यानंतर, डिसेंबर २००८मध्ये ५१-अ हे कलम घालण्यात आले. यादीतील व्यक्तींचा पैसा गोठवण्याचा अधिकार त्याने केंद्र शासनास मिळाला.

पूर्वी या अधिनियमाखाली केवळ संघटनाच दहशतवादी घोषित होत. २०१९च्या दुरुस्तीने व्यक्तीलाही तसे घोषित करता येऊ लागले. ४ सप्टेंबर २०१९ रोजी मसूद अझहर, हाफिज सईद, झकी-उर-रहमान लखवी आणि दाऊद इब्राहिम ही पहिली चार नावे चौथ्या अनुसूचीत आली. ती व्यक्ती दहशतवादात गुंतलेली आहे, असा केंद्र शासनाचा ‘विश्वास’ असणे त्यासाठी पुरेसे आहे. नाव वगळण्यासाठी प्रथम केंद्र शासनाकडेच अर्ज करावयाचा असतो. तो फेटाळला गेल्यास पुनर्विलोकन समितीकडे जाता येते. तिचे अध्यक्षपद उच्च न्यायालयाच्या आजी किंवा माजी न्यायाधीशाकडे असते.

‘विश्वास’ आणि ‘सिद्धता’ या दोन शब्दांतील अंतर आता आपल्या ध्यानात येईल. पहिला शब्द निर्णय घेणाऱ्याच्या मनाविषयी बोलतो, दुसरा समोर ठेवलेल्या पुराव्याविषयी. चार परिचित नावांच्या बाबतीत हे अंतर कोणाला जाणवणार नाही. परंतु कायद्याची परीक्षा परिचित नावांवर होत नाही. ज्याच्याविषयी खात्री नाही अशा पाचव्या किंवा पन्नासाव्या नावावर ती होते.

४.३ सारांश

संपूर्ण देशावरील निर्बंधांनी सामान्य जनतेचे हाल होतात, म्हणून व्यक्तींवरील लक्ष्यित निर्बंधांची पद्धत पुढे आली. पैसा वेगाने हलवता येत असल्याने पूर्वसूचनेवाचून तो गोठवण्याची गरज खरी आहे. परंतु या कृतीला ‘शिक्षा’ न म्हणता ‘प्रतिबंधक उपाय’ म्हटल्यामुळे आरोप सांगणे, पुरावा देणे आणि म्हणणे ऐकणे ही संरक्षणे सुरुवातीस वगळली गेली. कादी खटल्यातील निकालांनी उपायाच्या नावाऐवजी परिणामाकडे पाहिले आणि कारणे व पुरावा यांची मागणी केली. लोकपालाचे पद आणि कारणांचा गोषवारा या सुधारणाही झाल्या. मसूद अझहर प्रकरणावरून दिसते, की कारणे न देण्याची मुभा पीडितांच्याही विरोधात जाऊ शकते. कर्ता लपवणारी रचना, ‘संबंधित’सारखी सैल पदे आणि ‘तांत्रिक’सारखी सौम्य विशेषणे ओळखता येणे, ही नागरिक म्हणून आणि भाषेचे विद्यार्थी म्हणून आपली जबाबदारी आहे.

४.४ पारिभाषिक शब्द व त्यांचे अर्थ

• लक्ष्यित निर्बंध : संपूर्ण देशाऐवजी विशिष्ट व्यक्ती वा संघटना यांच्यावर घातलेले निर्बंध.
• गोठवणे : मालकी कायम ठेवून मालमत्तेचा वापर व हस्तांतरण थांबवणे.
• सूट : अन्न, निवारा, औषधोपचार इत्यादींसाठी निर्बंधातून दिलेली सवलत.
• तांत्रिक स्थगिती : समितीतील सदस्याने प्रस्तावावरील निर्णय रोखून धरणे.
• सौम्योक्ती : कठोर वा अप्रिय गोष्टीसाठी मुद्दाम योजलेला सौम्य शब्दप्रयोग.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) उपभोग थांबतो. आ) विशिष्ट व्यक्तींवरील, म्हणजे लक्ष्यित निर्बंधांची संकल्पना पुढे आली.
प्रश्न २ : अ) चूक. युरोपचा स्वतःचा नियम कादी यांच्यापुरता रद्द केला. आ) चूक. नाव घातल्यानंतर शक्य तितक्या लवकर कारणे कळवावीत, असे म्हटले. इ) बरोबर.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१) ‘शिक्षा’ आणि ‘प्रतिबंधक उपाय’ यांतील भेद कादी खटल्याच्या आधारे सुमारे २५० शब्दांत स्पष्ट करा.
२) ‘कारणे देण्याचे बंधन निरपराध व्यक्ती आणि पीडित या दोघांच्याही हिताचे आहे.’ या विधानाची साधक-बाधक चर्चा करा.
३) टिपा लिहा : अ) ठराव क्रमांक १२६७, आ) लोकपालाची कार्यपद्धती, इ) चौथी अनुसूची.
४) उपक्रम : आपल्या घरी, कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर आढळणारी एखादी शासकीय सूचना घ्या. ‘करण्यात येत आहे’, ‘करण्यात आले आहे’ अशी वाक्ये शोधून, प्रत्येक वाक्यात कर्ता घालून ती पुन्हा लिहा. कर्ता घालता न आलेल्या वाक्यांची वेगळी नोंद करा आणि तो का घालता आला नाही, ते दोन-तीन ओळींत लिहा.